आप्पांची चाल

आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, लकवा झाला तशी मी पुण्यातली खोली सोडून गावी वरवंडला आले. कंपनीचं काम घरूनच चालू राहिलं. सकाळी त्यांना धरून अंगणात चालवायचं, त्याचा व्हिडिओ फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंना पाठवायचा, मग लॅपटॉप उघडायचा. दोन्हीकडं पाऊल पुढं पडत नव्हतं.

कामही अशाच व्हिडिओंचं होतं. रुग्णांचे चेहरे पुसट करायचे, तेही डिस्कवर काही न उतरवता, सगळं मेमरीतच. त्यासाठी सी भाषेतली एक जुनी लायब्ररी, म्हणजे आयता कोड, होती. वेगवान, पण बेफिकीर. व्हिडिओतल्या एका चित्राची मेमरीतली जागा न विचारता दुसऱ्याला देऊन टाकायची. ती आमच्या रस्ट या नव्या, कडक भाषेतल्या प्रोग्रॅमला सुरक्षितपणे जोडायचं काम माझ्याकडं होतं.

चाचणीसाठी मी आप्पांना विचारून त्यांचा व्हिडिओ घेतला होता, दुसरा मावशीचा. एका दुपारी मावशीच्या व्हिडिओत मधेच आप्पांचा ओढत पडणारा पाय दिसला. दवाखान्यात हेच झालं असतं, तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या पडद्यावर गेलं असतं.

पुढचे कित्येक दिवस त्यातच गेले. शेवटी असं बसवलं, की प्रोग्रॅमचा कुठलाही भाग एक चित्र हातात धरून असेल तोवर लायब्ररीकडं पुढचं मागताच येणार नाही. तसा कोड कुणी लिहिला तर तो कंपाइलच होणार नाही, प्रोग्रॅम तयारच होणार नाही. चाचण्या पास झाल्या. मला आनंद वगैरे झाला नाही, नुसतं आडवं व्हावंसं वाटलं.

चहा देताना आप्पांना तो पुसट केलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी उभी हयात एसटी चालवलेली. दौंडपासून शिरूरपर्यंत ओळखीचे लोक.

"तोंड पुसलंस. आन् चाल?" ते म्हणाले. "यवतच्या स्टँडावर कुणीबी सांगंल, ह्यो मीच हाय म्हणून."

मी कंपनीला कळवलं. मॅनेजर म्हणाले, गिऱ्हाइकानं चेहरेच सांगितलेत, बाकीचं नंतर बघू. वाद घालायचं त्राण नव्हतं. आप्पांचा व्हिडिओ तेवढा चाचणीतून काढून टाकला.

त्याच्या जागी दुसरा हवाच होता. रेकॉर्डिंग लावून फोन भिंतीला टेकवला आणि अंगणात मीच चालले. आप्पा ओट्यावरून बघत होते.

"लई दमलीयास," ते म्हणाले. "बस जरा."

मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. फोन तसाच चालू राहिला.