सुयांचं पत्रक

नगरपालिकेच्या आरोग्य आणि स्वच्छता विभागात, जिन्याखालच्या खोलीत एक कारकून बसत. त्यांना सगळे पत्रकवाले म्हणत. दर महिन्याला घराघरांत जाणारं एक पानी पत्रक तेच लिहीत. ओला कचरा कुठल्या वारी, सुका कुठल्या वारी, जुन्या गाद्या उचलायची गाडी कधी येणार, डासांची फवारणी कोणत्या गल्लीत, बाळांना लस कुठे मिळणार, असं सगळं त्या एका पानात असे. अठरा वर्षं ते हे काम करत होते आणि दर महिन्याला पत्रकाच्या दहा हजार प्रती निघत.

"कोणी वाचत नाही हो," हे त्यांचं पालुपद होतं. ते खोटंही नव्हतं. शेजाऱ्यांनी ओल्या बुटांत बोळे करून कोंबलेलं पत्रक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नेमकं ते कागद जपून वेगळा ठेवण्याबद्दलचं होतं. एका घरात तर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली त्यांना आपलं वर्षभराचं लिखाण घडी करून ठेवलेलं दिसलं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. पत्रकवाले "पालथ्या घड्यावर पाणी" एवढं म्हणत आणि चहा मागवत. खरं सांगायचं तर हे त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं. जे कोणी वाचत नाही, त्यात कोणी चूकही काढत नाही. त्यामुळे ते मोठे समाधानी गृहस्थ होते.

त्यांची भाषा मात्र इस्त्रीची. "सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की" इथून निघालेलं वाक्य चार स्वल्पविराम आणि एक "उपरोक्त" ओलांडून दमूनभागून पूर्णविरामाला पोचे. त्यांची आई म्हणायची, "घरात असा बोललास तर तुला जेवायला वाढायचं की अर्ज करायला सांगायचं, तेच मला कळणार नाही."

अशातच एका महिन्यात साहेबांनी त्यांना बोलावलं. घरोघरी मधुमेहाची माणसं वाढली होती, ती घरीच इंजेक्शन टोचून घेत आणि सुया तशाच मोकळ्या कचऱ्यात टाकत. कचरा उचलणाऱ्यांच्या हातापायांना ओरखडे येत होते. "चार ओळी घाला पत्रकात," साहेब म्हणाले. पत्रकवाल्यांनी दहा मिनिटांत घातल्या. इस्त्री काढून सांगायचं तर मतलब एवढाच होता, की सुया मोकळ्या टाकू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा आणि मगच कचऱ्यात द्या. पत्रक छापलं गेलं, वाटलं गेलं आणि ते विसरूनही गेले.

दोन महिन्यांनी बातमी आली. सुका कचरा निवडायच्या शेडमध्ये मुकादमबाईंच्या बोटात सुई घुसली होती. मुकादमबाई म्हणजे त्या शेडच्या कर्त्या बाई. बावीस वर्षं लांब टेबलाशी उभं राहून काच, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक वेगळं करायचं आणि हाताखालच्या अकरा बायकांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. डॉक्टरांनी लगेच औषध दिलं, रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. पण दीड महिन्यानं आणखी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तपासायचं होतं. तोवर सुईतून काही लागण झाली की नाही, ते नक्की म्हणता येत नव्हतं.

साहेब तापले होते. "लोकांना सांगून कळत नाही. या वेळी कडक लिहा. कारवाईची भाषा येऊ दे."

कडक लिहायचं म्हणजे पत्रकवाल्यांच्या हातचा मळ. संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी कागद ओढला आणि "वारंवार सूचना देऊनही काही बेजबाबदार रहिवाशांनी" इथपर्यंत मजल मारली. तेवढ्यात आईनं आपलं संध्याकाळचं इन्सुलिन टोचून घेतलं. तीन वर्षांपासून ती ते स्वतःच टोचून घ्यायची, कोणाला हात लावू द्यायची नाही. मग तिनं फळीवरून दुधाच्या पावडरचा रिकामा डबा काढला, वापरलेली सुई आत टाकली, झाकण अंगठ्यांनी दाबून बसवलं आणि चिकटपट्टीचे दोन वेढे दिले.

"भरला हा डबा," ती म्हणाली. "सकाळी जाताना सुक्या कचऱ्यात टाक."

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? सुया आहेत."

"अगं, पण डब्यात का?"

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते सहावीत नापास झाले तेव्हा तिनं पाहिलं होतं. "तूच लिहिलंयस ना? फ्रिजवर लावून ठेवलंय मी. चारदा वाचलं तेव्हा कुठे कळलं, पण कळलं. शेजारच्या आजी पण तसंच करतात. त्यांना मीच वाचून दाखवलं."

पत्रकवाले फ्रिजपाशी गेले. पत्रक होतंच तिथे, चारी कोपरे चिकटवलेलं. त्यांनी आपल्याच ओळी वाचल्या. मग डबा हातात घेऊन हलवला. आतून बारीक खुळखुळ आली. हा डबा शेडमध्ये जातो तेव्हा पुढे त्याचं काय होतं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला. आणि उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं, कारण अठरा वर्षांत ते त्या शेडमध्ये एकदाही गेले नव्हते. शेड काही सातासमुद्रापार नव्हती, बसनं वीस मिनिटांवर होती. पण जाण्याचं कामच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आईचा डबा पिशवीत घेऊन शेडवर गेले. आंबूस वास, पत्र्यांचा खणखणाट आणि लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना भराभर चालणारे हात. मुकादमबाई सुट्टीवर असतील असं त्यांना वाटलं होतं. पण त्या टेबलाच्या टोकाशी उभ्या होत्या, उजव्या हाताच्या एका बोटाला पट्टी.

"घरी बसून काय करू?" त्या म्हणाल्या. "भिंतीकडे बघत बसले तर डोकं फिरेल. तुम्ही कोण?"

"मी पत्रक लिहितो."

"अच्छा, ते तुम्ही होय?" त्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मला वाटलं होतं, फार म्हातारे असाल."

पत्रकवाल्यांनी डबा पुढे केला आणि विचारलं, असा डबा हाती आला की तुम्ही काय करता. मुकादमबाईंनी तो घेतला नाही. नुसतं सांगितलं. "उघडतो. डबा आला की उघडायचाच. आत रंग असतो, तेल असतं, सडलेलं काहीबाही असतं. भरलेला डबा पत्र्यात गेला तर पुढचे भंगारवाले अख्खा गठ्ठा परत पाठवतात. आणि हे जाड हातमोजे घालून झाकण निघतंय होय? नख घालावं लागतं. म्हणून झाकणापुरता उजव्या हातातला मोजा काढायचा. बावीस वर्षं असंच करतोय आम्ही."

पत्रकवाल्यांनी डबा हळूच टेबलावर ठेवला.

"आधी सुया मोकळ्या यायच्या," बाई पुढे म्हणाल्या. "पिशवीत चकाकायच्या, दिसायच्या. चिमट्यानं उचलून बाजूला ठेवायचो. ओरखडा फार तर. हल्ली दोन महिने डब्यांतून यायला लागल्या. त्या दिवशी झाकण निघेना म्हणून मी जोर लावला, आणि ते एकदम सुटलं."

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे फळीवर न उघडलेले, हलवले की खुळखुळणारे डबे ओळीनं मांडून ठेवले होते. त्या दिवसापासून कोणी झाकणाला हात लावत नव्हतं. पत्रकवाल्यांनी मोजले, त्रेपन्न भरले. पावडरचे, कॉफीचे, बिस्किटांचे. एकाला सुतळीनं आवळलं होतं, एक पायमोज्यात घालून वर गाठ मारली होती. कोणीही हयगय केली नव्हती. बेजबाबदार रहिवासी शोधायला निघालेल्या माणसाला तिथे त्रेपन्न आज्ञाधारक घरं भेटली. कोणी वाचत नाही म्हणून अठरा वर्षं गळा काढला, आणि लोकांनी वाचलं ते नेमकं चुकलेलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "डब्यावर 'सुया' असं लिहायला सांगायचं मी विसरलो. खरं म्हणजे इथे डबा पाठवायलाच सांगायला नको होतं."

"तुमची आहेच," मुकादमबाई शांतपणे म्हणाल्या. "चहा घेणार?"

चहा घेता घेता त्या बोलत्या झाल्या. रक्ताचं काय व्हायचं ते होईल, त्याची त्यांना तितकी भीती नव्हती. पण लेक पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि तिला चार महिन्यांचा मुलगा होता. काम सुटलं की हातपाय धुऊन थेट तिकडे जायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत नातवाला मांडीवरून खाली ठेवायचं नाही, असा त्यांचा नेम. सुई टोचली त्या दिवसापासून त्या लेकीच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि लांबूनच त्याच्याशी बोलत.

"पण डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, घ्या की, काही होत नाही. लेक पण रोज म्हणते. जावई म्हणतो. अहो, सगळे बोलतात, बोलायला काय जातं? उद्या काही झालं तर? कागदावर कुठे आहे तसं? आता तो हात पसरायला लागलाय माझ्याकडे. मी आपली खुर्ची मागे घेते." एवढं बोलून त्यांनी कप विसळला आणि पुन्हा टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

बसमध्ये पत्रकवाल्यांना रडू आवरेना. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

त्या आठवड्यात ते तीनदा शेडवर गेले आणि दोनदा दवाखान्यात. दवाखान्याच्या नर्सबाई म्हणाल्या, सुयांचे डबे आमच्या खिडकीत आणून दिले तर आम्ही घेऊ, आमच्याकडे त्या जाळायची सोय आहेच, पण आजवर कोणी विचारलंच नाही. मजकूर शेडमधल्या टेबलाच्या टोकाशी बसून लिहिला गेला. पत्रकवाले एक ओळ वाचत, मुकादमबाई नाक मुरडत.

"'परिधान केलेले हातमोजे' कशाला? आम्ही काय लग्नाला निघालोय?"

"मग काय लिहू?"

"लिहा, डबे आम्ही हातानं उघडतो. मोजा काढून. एवढं कळलं की माणूस सुई टाकणार नाही. माणसं वाईट नसतात हो, त्यांना आमचे हात दिसत नाहीत."

पत्रकवाल्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. पहिल्यांदाच त्यांच्या पत्रकात कोणासही काहीही कळविण्यात आलं नाही. "मागच्या पत्रकात आमची चूक झाली," अशी सुरुवात होती. पुढे होतं, "सुयांचा डबा कचऱ्यात देऊ नका. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहा आणि दवाखान्याच्या खिडकीत द्या." आणि अगदी तळाशी, एका ओळीत, नर्सबाईंनी आणि डॉक्टरांनी दोनदा तपासून दिलेला मजकूर होता. ती ओळ लिहिताना मुकादमबाई जवळ नव्हत्या.

साहेबांनी पत्रक वाचलं. "चूक झाली" पाशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्रेपन्न डब्यांची हकिगत ऐकून राग गिळावा लागला. तळाच्या ओळीवर मात्र त्यांनी पेन टेकवलं. "हे काय? 'सुई टोचलेल्या माणसानं तपासणीचे अहवाल येईपर्यंत घरात नेहमीसारखं वावरायला, लहान मुलाला कडेवर किंवा मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही.' याचा कचऱ्याशी काय संबंध?"

एरवी पत्रकवाले साहेबांपुढे मान हलवण्यापलीकडे जात नसत. "साहेब, आपला विभाग आरोग्य आणि स्वच्छतेचा आहे," ते म्हणाले. "अठरा वर्षं मी स्वच्छताच लिहितोय. एक ओळ आरोग्याची राहू द्या."

"जागा वाया जाते."

"डासांच्या फवारणीतली दोन वाक्यं काढतो."

साहेबांनी सही केली. दहा हजार प्रती निघाल्या.

पंधरा दिवसांत दवाखान्याच्या खिडकीत डब्यांची रास लागली. पत्रकवाल्यांची आई आपला डबा स्वतः घेऊन गेली. त्यावर तिनं "सुया" एवढं मोठं लिहिलं होतं की रस्त्यापलीकडून वाचता यावं. शेडमध्ये आता सुयांचा डबा क्वचित येई, आला तरी नावासकट येई, आणि झाकणं उघडायला नगरपालिकेनं एक पकड घेऊन दिली.

एका दुपारी जिन्याखालच्या खोलीच्या दारात मुकादमबाई उभ्या राहिल्या. त्या कार्यालयात कधी आल्या नव्हत्या. पत्रकवाले धडपडत उठले आणि त्यांना खुर्ची दिली. रक्ताचा दुसरा अहवाल यायला अजून आठ दिवस होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी पिशवीतून पत्रक काढलं. घड्या पडून पडून ते मऊ झालं होतं, आणि तळाच्या ओळीखाली कोणीतरी पेननं रेघ ओढली होती.

"ही रेघ लेकीनं मारलीय," त्या म्हणाल्या. "खरं सांगा, ही ओळ माझ्यासाठी घातलीत ना?"

"दहा हजार घरांत गेलीय ती, मुकादमबाई."

"जाऊ दे की. त्यांना कुठे सुई टोचलीय?" त्यांनी पत्रक जपून पुन्हा पिशवीत ठेवलं. "काल दोन तास मांडीवर झोपला होता. पाय अगदी बधिर झाला माझा. लेक म्हणाली, आई, खाली ठेव आता त्याला. मी म्हटलं, मुळीच नाही ठेवणार, मला नगरपालिकेनं लिहून दिलंय."