पत्र्यावरच्या मुंग्या

माझ्या काकाला बस डेपोत सगळे ‘चकाचक’ म्हणायचे. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अपघातात चेपलेली बस त्याच्या हाताखालून बाहेर पडली, की खुद्द चालकालाही मार कुठे बसला होता ते सापडायचं नाही. पण नाव पडलं ते त्यामुळे नव्हे. काम संपलं तरी त्याचं संपायचं नाही. फडकं घेऊन तो आपला पुसतोय, घासतोय. साहेब ओरडायचे, “अरे, बस रस्त्यावर काढायचीय, बोहल्यावर नाही!” घरीही तीच तऱ्हा. काकू म्हणायची, “माझी पातेली घासून घासून याने कागद करून ठेवलीत. एक दिवस तळातून शेगडी दिसेल.”

काकू गेली आणि दोनच वर्षांनी काका निवृत्त झाला. मूलबाळ नव्हतं. मी त्याची पुतणी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. कामावरून येता येता डोकावायची. दर वेळी घर आदल्या खेपेपेक्षा स्वच्छ आणि काका आदल्या खेपेपेक्षा मलूल. एकदा तर दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लखलखत होत्या. त्या दिवशी मला त्याची खरी काळजी वाटली.

अशात एके सकाळी मास्तर त्याच्याकडे आले. मास्तर म्हणजे आमच्या शाळेतले इतिहासाचे. युद्धाच्या शेवटच्या वर्षी गावाबाहेरच्या दलदलीत एक बॉम्बफेकी विमान कोसळलं होतं. मोहीम आटोपून परतत होतं. एक इंजिन बंद, दुसरं पेटलेलं. आतले पाचही जण गेले. पंचविशी ओलांडलेला त्यात एकही नव्हता. मास्तर तेव्हा शाळकरी होते, आणि त्यांनी ते पडताना पाहिलं होतं. त्यांच्या डोक्यातून ते कधी गेलंच नाही.

पंख आणि शेपटी चिखलात रुतून राहिली होती. मधला भाग, म्हणजे विमानाचं पोट, जवळच्या एका शेतकऱ्याने बैल जुंपून ओढत नेला आणि त्याचं खुराडं केलं. चाळीसएक वर्षं त्यात कोंबड्या सुखाने नांदल्या. शेतकरी वारला, मुलांना ती अडगळ नको झाली, आणि मास्तरांनी ती मागून घेतली.

“सगळं जोडून विमान पुन्हा उभं करायचंय,” मास्तर म्हणाले. “त्या पाच जणांचं स्मारक म्हणून. पण तुमच्याशिवाय जमायचं नाही.”

“उडणार का?” काकाने विचारलं.

“नाही. नुसतं उभं राहील.”

“मग करतो,” काका म्हणाला. “उडणाऱ्याची जबाबदारी मी घेत नाही.”

गावाच्या टोकाला एक रिकामं गोदाम होतं, पंख आणि शेपटी दलदलीतून उपसून तिथे आणली आणि काम सुरू झालं. मास्तर, डेपोतला काकाचा जुना दोस्त वेल्डर आणि आणखी चार-पाच हौशी माणसं. काकाचा तर जन्म पालटला. सकाळी डबा घेऊन निघायचा तो संध्याकाळी हात काळे करून परतायचा. वाकलेल्या फासळ्या सरळ करायच्या, सडलेला पत्रा कापून तिथे नवा बसवायचा, पत्रे जोडायला रिबिटा मारायच्या. रिबिट मारायला दोघं लागतात. एकाने बाहेरून ठोकायचं, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. वेल्डर आणि काका दिवसभर पत्र्याच्या अल्याड-पल्याड बसून एकमेकांना शिव्या घालत. इतका खुशीत मी काकाला काकू असतानाच पाहिला होता.

विमानाच्या पोटाचं काम त्याने एकट्याने अंगावर घेतलं. आत शेतकऱ्याने वर्षानुवर्षं चुना मारलेला, त्यावर काजळी, विष्ठा, पिसं. काकासाठी ती मेजवानीच. तारेचा ब्रश, खरवडणी आणि रंग काढायचं औषध घेऊन तो तीन आठवडे आत बसला. शेवटच्या दिवशी त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं.

“ये, आत ये. बघ!”

दिव्याच्या उजेडात आतला पत्रा चांदीसारखा झगमगत होता. माझा चेहरा त्यात दिसला, जरा वेडावाकडा. मी टाळ्या वाजवल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या दिवशी टाळ्या वाजवणारी मीच होते.

मास्तरांनी वर्तमानपत्रात चार ओळी दिल्या होत्या, की या पाच जणांचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनी कळवावं. दोन घरांतून फोटो आले. आणि एका रविवारी दुपारी एक बाई स्वतःच गोदामात आली. वय पंचावन्न-छप्पन असावं. अंगावर साधा कोट आणि हातात पर्स, ती पोटाशी घट्ट धरलेली. मी काकाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

“बिनतारी संदेशाचं यंत्र सांभाळायचा, तो माझा दादा,” ती म्हणाली. “मला त्याची जागा बघायचीय.”

तिने पर्समधून पत्र काढलं. घड्यांवर झिजून त्याचे चार तुकडे व्हायला आले होते. ते तिला पाठच होतं, तरी तिने वाचून दाखवलं. दादा तिला मुंगी म्हणायचा, कारण घरात गोड कुठेही लपवलं तरी ही तिथे हजर. त्याने लिहिलं होतं: ‘मुंगे, माझ्या बाकाच्या डाव्या हाताला, खिडकीच्या खाली, मी तुला बसवून घेतलंय. दर खेपेला सुखरूप उतरलो, की पेन्सिलने एक मुंगी काढतो. आत्तापर्यंत नऊ झाल्या. रांगेत नीट चालल्यात, तुझ्यासारख्या वाट सोडून जात नाहीत.’

“यानंतर पत्र आलं नाही,” बाई म्हणाली. “मी तेव्हा बारा वर्षांची होते. पुढे किती झाल्या ते मला मोजायचंय. बास, एवढंच.”

काकाच्या हातातलं फडकं खाली पडलं. तो वाकून उचलायला गेला आणि तसाच वाकलेला राहिला.

मास्तर बाईंना घेऊन आत गेले. वेल्डरने काकाला खांबाआड ओढलं. मी शेजारीच होते.

“काय रे? दिसल्या होत्या का तुला?”

“दिसल्या होत्या,” काका म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. “चुना निघाला तेव्हा खाली बारीक खुणा होत्या. ठिपके, त्यांना रेघोट्या. मला वाटलं, शेतकऱ्याने अंड्यांचा हिशेब मांडलाय. हसलो मी. आणि घासलं.”

वेल्डरने कापलेल्या पत्र्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “हे बघ. तिला सांग, त्या बाजूचा पत्रा बदलला, जुना मागे ठेवलाय, पुढच्या रविवारी या. कापलेल्या पत्र्यांतला एक जुना तुकडा घेऊ. मी काढतो मुंग्या. वीस-बावीस काढतो. पेन्सिल ती पेन्सिल. बाई डोळे भरून बघेल आणि समाधानाने घरी जाईल. कुणाचं काय बिघडलं?”

काकाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात ते आलं नाही असं मी म्हणणार नाही. मग तो फडकं खिशात कोंबून विमानात शिरला.

बाई खिडकीखाली उकिडवी बसली होती. चकचकीत पत्र्यावर बोटं फिरवत होती.

“ताई,” काका म्हणाला, “तिथे होत्या. मी पुसल्या. मला कळलं नाही.”

तिने मान वर केली. “तुम्ही पाहिल्या?”

“हो.”

“किती होत्या?”

काकाने डोळे मिटले. “दोन ओळी होत्या. दुसरी अर्धी... की अर्ध्याहून जास्त... मोजल्या नाहीत मी.”

“चालल्या होत्या कुठे? दाराकडे की यंत्राकडे?”

त्याला तेही आठवेना. दिवा हातात धरून हा सहासष्ट वर्षांचा माणूस चोरी पकडलेल्या पोरासारखा उभा होता. बाई उठली. गुडघे झटकले. रडली नाही, चिडलीही नाही.

“तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “मी आपली शोधत राहिले असते.”

एवढं बोलून ती गेली. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर काकाने ब्रशला हात लावला नाही. शेपटीचा भाग साफ व्हायचा होता. तो दिवा आणि भिंग घेऊन तिथे तासन्‌तास बसायचा आणि ओल्या कापसाने बोटभर जागा टिपायचा. मास्तर वैतागले. “अहो, असं केलंत तर उद्‌घाटन माझ्या तेराव्याला होईल.” काका ऐकेना. एकदा त्याला आतल्या फासळीवर कारखान्यातल्या कुणाची तरी अक्षरं सापडली: ‘डावी बाजू. जपून.’ तो इतका हरखला की मला हाक मारायला गोदामाच्या दारापर्यंत आला. मी बघितलं, छान म्हटलं. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला आणि तो पुन्हा आत जाऊन बसला. गोदामात त्याला ‘चकाचक’ म्हणणं आपोआपच बंद झालं.

घरी मी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला पाहायची. समोर पत्र्याचे तुकडे, हातात पेन्सिल. मुंग्यांच्या ओळी काढायचा, डोळे किलकिले करून बघायचा. “नाही, अशा नव्हत्या. पाय लांब होते.” पुसायचा, पुन्हा काढायचा. मी म्हणायची, “काका, पुरे आता.” तो म्हणायचा, “अगं, दिसतंय मला. फक्त मोजायला गेलो की हलतंय.”

काही महिन्यांनी मास्तरांच्या अर्जाला हवाई दलाच्या जुन्या दप्तरातून उत्तर आलं. त्या पाच जणांची उड्डाणं तेवीस. काकाने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाला, “चल माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही.”

बाईचं घर शेजारच्या शहरात, तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र, भिंतीवर दादाचा फोटो. तिने आम्हाला बसवलं, चहा केला, जिना चढून दम लागला का म्हणून विचारलं. सगळं अगदी रीतसर. काकाने कागद पुढे केला.

“तेवीस,” तो म्हणाला. “सरकारी दप्तरातलं आहे, पक्कं.”

बाईने वाचलं. त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“म्हणजे बावीस,” ती म्हणाली.

“नाही ताई, तेवीस लिहिलंय...”

“उतरल्यावर काढायचा तो. तेविसाव्या खेपेला उतरला कुठे?”

काकाने हातातली कपबशी खाली ठेवली. इतके महिने मुंग्या काढत बसलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

निघताना त्याने उद्‌घाटनाचं आमंत्रण दिलं. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवतो, म्हणाला. बाईने दाराला हात लावून सांगितलं, “तुमच्यावर राग नाही हो. पण मी येऊन काय बघू? माझं बघायचं होतं ते तेवढंच होतं.”

परतल्यावर वेल्डरने सुचवलं, की त्या जागी बावीस मुंग्या काढू, खाली पाटी लावू. मलाही ते पटलं. काका म्हणाला, “मुंग्या त्या पोराच्या. आपण कोण काढणार?” आणि आतून सगळीकडे जसा हिरवा रंग द्यायचा होता तसा तिथेही त्याने स्वतःच्या हाताने दिला.

उद्‌घाटनाला सारं गाव लोटलं. विमान खरंच देखणं उभं राहिलं होतं. मास्तरांनी पाच नावं वाचली आणि तिसरं नाव दोनदा वाचलं. ते नाव बाईच्या दादाचं होतं. लोक काकाचा हात हातात घेऊन म्हणत होते, कमाल केलीत. काका इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाजूला उभा होता आणि सारखा फाटकाकडे बघत होता. पहिल्या रांगेतली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. त्याने तीवर कुणाला बसू दिलं नाही.

परत येताना तो मला म्हणाला, “वेल्डरचं ऐकलं असतं तर?”

“खोटं बोलला असतास,” मी म्हटलं. “खरं सांगितलंस तेच बरोबर.”

“बरोबर असेल,” तो म्हणाला. “पण ते कुणासाठी सांगितलं, तिच्यासाठी की माझ्यासाठी? मला छातीवर ओझं नको होतं, म्हणून तिच्या डोक्यावर नेऊन ठेवलं की काय मी?”

मी म्हटलं, “काहीतरीच काय, काका.” दिवसभर उभं राहून माझे पाय दुखत होते आणि मला घरी जायची घाई होती. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तीन वर्षांनी काका गेला. तोवर दर गुरुवारी तो विमानाची धूळ झटकायला जायचा, मऊ कापडाने, हलक्या हाताने. शेवटच्या आजारात त्याने मला एकदाच त्या बाईविषयी विचारलं, तिच्या जिन्याला धरून उतरायला कठडा होता का ते. मला आठवत नव्हतं. तिच्याकडे एकदा जाऊन यावं, काका गेल्याचं सांगावं, असं मी तो गेल्यावर ठरवलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावर दुसरंच कुणीतरी राहत होतं, आणि ती कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं.