कोणाकडे उतरलात?

चाचांना माणसाचं नाव नंतर लागायचं. आधी हवं असायचं ते एवढंच, की हा इथे आला तेव्हा कोणाकडे उतरला. आखातात, अल क्वोजच्या आमच्या गोदामात मी नोकरीला लागले त्या दिवशी स्टोअरच्या खिडकीवर जाऊन एक स्टेपलर आणि दोन फायली मागितल्या, तर आतून पांढऱ्या दाढीचा, भर मे महिन्यात स्वेटर घातलेला माणूस म्हणाला, "मराठी काय? बरं झालं. इथे कोणाकडे उतरलीस?" म्हटलं, कोणाकडेच नाही, एअरपोर्टवर कंपनीची गाडी आली होती. "कोणाकडेच नाही?" त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. ड्रॉवरमधून खारी काढून त्यांनी माझ्या फायलींवर ठेवली. स्टेपलर मात्र दिला नाही. जुना जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही, असा त्यांचा नियम होता, आणि पहिल्या दिवशी माझ्याकडे जुना कुठून असणार! तो मिळायला मला आठ दिवस आणि तीन सह्या लागल्या.

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. मल्याळी ड्रायव्हरपासून पठाण फोरमनपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. गोदामात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली होती, पण त्यांचं खरं काम तिथे नव्हतंच. ते होतं उत्तरेला, रास अल खैमाच्या पलीकडे, जिथे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम एक रस्ता मावतो. आम्हा बाकीच्यांना उत्तर म्हणजे वीकेंडचा डोंगर आणि बार्बेक्यू. चाचांना उत्तर म्हणजे सडक नव्हती, वीज नव्हती, तेव्हा लाँचमधून त्या किनाऱ्यावर उतरलेली आपल्याकडची पहिली माणसं. ती कोण होती, कुठे राहिली, काय खाल्लं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. रविवार आला की थर्मास भरायचा, बस पकडायची आणि यल्ला.

त्यांची पद्धत अगदी स्टोअरकीपरची होती. गोदामातल्या प्रत्येक वस्तूला एक कार्ड असतं. माल कुठून आला, कोणाला दिला, शिल्लक किती. चाचांनी माणसांनाही तीच कार्डं लावली. वर नाव आणि गाव. 'आवक'च्या रकान्यात, हा कोणाकडे उतरला. 'जावक'च्या रकान्यात, पुढे याच्याकडे कोण कोण उतरलं. त्या काळी आलेला प्रत्येक माणूस कोणाच्या तरी चटईवर अर्धी जागा घेऊन सुरुवात करायचा आणि वर्ष-दोन वर्षांत आपल्या चटईवरची अर्धी जागा गावाकडून आलेल्या दुसऱ्याला द्यायचा. त्यामुळे एक कार्ड हातात आलं की त्याच्या मागचं सापडायचंच. मी एकदा चेष्टेने विचारलं, "चाचा, मग 'शिल्लक'मध्ये काय लिहिता?" ते कार्ड पुसत म्हणाले, "हयात की खलास." बहुतेक कार्डांवर खलासच होतं.

"किताबात शेख असतात, इंजिनिअर असतात," ते नेहमी म्हणायचे. "खड्डा कोणी खणला ते नसतं. खणणाऱ्याला जेवायला कोणी घातलं, ते तर नसतंच नसतं." हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल. पहिल्या वीस वेळा माझ्या अंगावर काटा आला, नंतर नाही आला.

एका मराठी मंडळाने त्यांना कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं. बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून, बुटाच्या खोक्यात कार्डं घेऊन आले. पैठणीचा फॅशन शो आणि लकी ड्रॉ यांच्यामध्ये त्यांना दहा मिनिटं दिली होती. पाचव्या मिनिटाला सूत्रसंचालक बाईंनी "वा, किती छान माहिती" म्हणून टाळ्या मागितल्या आणि माइक काढून घेतला. चाचा खाली येऊन माझ्या शेजारी बसले. लकी ड्रॉमध्ये त्यांनाच नेमका मिक्सर लागला. मला हसू आवरेना, पण ते हसले नाहीत. खोक्याचं झाकण नीट बसतंय का तेच पाहत राहिले. तो मिक्सर पुढे त्यांच्या खोलीतल्या पाच जणांनी वापरला.

मी त्यांच्याबरोबर उत्तरेला जाऊ लागले, त्यात इतिहासाची आवड वगैरे काही नव्हती. नवरा वर्षभराने आला, आणि त्याला नोकरी मिळाली ती रुवैसला, रिफायनरीत. पंधरा दिवसांनी एकदा यायचा आणि आला की झोपायचा. मधले रविवार मला खायला उठायचे. कपाट आवरून झालं, आईला फोन करून झाला, की दुपारचे दोनच वाजलेले असायचे. एका रविवारी चाचांना म्हटलं, मी गाडी काढते. ते मागच्या सीटवर बसले. "पुढे बसा, मी काय टॅक्सीवाली आहे का?" म्हटल्यावर पुढे आले, पण थर्मास मांडीवर घेऊन, अवघडून. असे आम्ही दोघं किती रविवार गेलो, आता मोजता येणार नाही.

त्यांच्या वागण्यातली अदब मात्र बघत राहावी अशी. कोणाच्याही घरी गेले की दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसायचे. सोफ्यावर बसा म्हटलं तरी नाही. आधी पाणी मागायचे, मग तब्येत विचारायचे, मग तो प्रश्न. घरातली बाई चहा घेऊन आली की मान खाली घालायचे आणि ती आत जाईपर्यंत वर करायचे नाहीत. बाईमाणसाचं नाव विचारणं तर दूरच, 'घरात सगळे ठीक?' याच्या पुढे त्यांची जीभ कधी गेली नाही.

हळूहळू सगळी कार्डं एकाच ठिकाणी येऊन अडायला लागली. शिंप्याच्या मागे बेकरीवाला, बेकरीवाल्याच्या मागे विहिरी खणणारा, त्याच्या मागे आणखी कोणी, आणि शेवटी सगळ्यांची आवक एकच: 'बंदरावरचं घर'. कोणाचं घर? तर नाखव्याचं. नाखव्याचं नाव काय? ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चाचांची स्वतःची साखळीही मागे जात जात त्याच घरापाशी थांबली होती. "मी ज्याच्याकडे उतरलो, तो ज्याच्याकडे उतरला, त्याने त्या घरात पहिली रोटी खाल्ली," ते मला म्हणाले. "म्हणजे माझी रोटी तिथूनच आली ना, बेटा? एवढं एक नाव मिळालं की फातिहा देईन त्याच्या नावाने, आणि खलास. मग जायला मोकळा." जायला मोकळे ते लवकरच होणार होते. कंपनीने व्हिसा पुढे न वाढवायचं ठरवलं होतं आणि हातात पाच महिने होते.

त्यातल्या तिसऱ्या महिन्यात कोणीतरी सांगितलं, की बंदराजवळ जाळी-दोरखंड विकणारं एक जुनं दुकान आहे, रत्नागिरीकडच्याच माणसांचं. त्या मालकाची आई फार म्हातारी आहे, तिला जुनं सगळं आठवतं. आम्ही गेलो. दुकानामागेच घर होतं. चाचा अर्थातच चपलांपाशी बसले आणि मालकाला म्हणाले, "अम्मीजानना माझा सलाम सांगा, आणि तो नाखवा कोण होता, एवढं विचारा." मालक आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, अम्मीला आठवत नाही. चाचांनी मान हलवली आणि पेन खिशाला लावलं. मला राग आला. तासभर गाडी हाणत आलोय आणि हे निघाले! मी सरळ उठून पडद्याआड गेले.

आत पलंगावर एक इवलीशी बाई लसूण सोलत बसली होती. मी तोच प्रश्न विचारला. ती माझ्याकडे बघून खुदकन हसली. "नाखवा कुठला गो? तो वर्षातनं पंधरा दिवस तरी किनाऱ्यावर असायचा काय? घर आपाचं होतं. आपा रांधायची, आपा माणसं ठेवून घ्यायची. कोणाला कुठल्या अरबाबाकडे कामाला धाडायचं तेपण तीच ठरवायची. तीस-तीस माणसं जेवायची तिच्या हातचं. आम्ही सगळी आपाच म्हणायचो." अरबाब म्हणजे मालक, एवढं मला एव्हाना कळत होतं. मी विचारलं, "पण आपाचं नाव काय होतं?" लसणाची पाकळी तशीच हातात राहिली. "मी नवी नवरी. तिचं नाव विचारायची माझी काय टाप? आपाच. इथेच गेली, इथेच मातीत." मग मुलाला आठवत नाही असं का सांगितलंत, म्हटलं. "त्याने नाखव्याचं विचारलं. नाखव्याचं कुठे आठवतंय मला?"

हे मी बाहेर येऊन चाचांना सांगितलं. रस्त्यात जुनं कब्रस्तान लागलं तेव्हा म्हणाले, गाडी थांबव. आत नुसते दगड होते, एकावरही अक्षर नाही. तिथली रीतच तशी आहे. ते कुंपणाशी उभे राहिले, फातिहासाठी हात उचलले आणि पुन्हा खाली घेतले. "कोणाच्या नावाने मागू?" गाडीत बसल्यावर त्यांनी बुटाचं खोकं उघडलं. "अडीचशेच्या वर कार्डं आहेत, बेटा. यात एकही बाई नाही. वीस वर्षं मीच सांगत फिरतोय, जेवायला कोणी घातलं ते किताबात नसतं म्हणून." मी एसी कमी केला, कारण त्यांना थंडी वाजत असायची.

दोन महिन्यांनी ते गेले. कंपनीने केक कापला. मॅनेजर भाषणात म्हणाला की चाचांच्या स्टोअरमधून कधी एक नटसुद्धा हरवला नाही. एअरपोर्टवर सोडायला मीच होते. खोकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "इथलं काम आहे, इथेच राहू दे." वरचं एक कार्ड जवळजवळ कोरं होतं. त्यावर त्यांनी फक्त 'बंदरावरचं घर' लिहून नावाची जागा मोकळी ठेवली होती. ते आत गेल्यावर मी पार्किंगमध्ये अर्धा तास नुसती बसून होते. इतक्या वर्षांत मी कोणाला पोचवायला जायची ती पहिलीच वेळ होती.

गावाहून त्यांचा फोन यायचा, दोन-तीन आठवड्यांतून एकदा. शोध चालूच होता. मशिदीत म्हाताऱ्यांना विचारलं, जमातीच्या सभेत विचारलं, खाडीपलीकडच्या तीन गावांत रिक्षा करून जाऊन आले. "सगळ्यांना नाखवा ठाऊक, आपा कोणाला नाही. घराघरांत बायकांना विचारायला हवं, पण मी कसा विचारणार? तू इथे असतीस तर आत गेली असतीस." मी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत येते. ते म्हणायचे, "इन्शाल्ला." त्या सुट्टीत मी सासरी गेले, माहेरी गेले, एका लग्नाला गेले आणि परत आले. रत्नागिरी राहिलं.

मग फोन यायचे थांबले. मी कामात होते. महिना झाला असेल, एका रविवारी मीच फोन लावला, तर पलीकडे बायकी आवाज. "ते गेले गं. महिना उलटून गेला. तिकडे कोणाला कळवायचं ते मला माहीत नव्हतं." मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद केला. मग तीच म्हणाली, "तू ती गाडीवाली मुलगी ना? तुझं नाव घ्यायचे. कसली कार्डं होती गं ती? शेवटी शेवटी झोपेतही कार्ड, कार्ड करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ते तिकडचं आहे, तुला काय सांगू."

मी सांगितलं. सडक नव्हती तेव्हाची माणसं, बंदरावरचं घर, तीस माणसांचं जेवण, आपा. चाची ऐकत होती. मधूनच तिने विचारलं, "रासल खैमा? दारात बदामाचं झाड होतं काय?" मला कुठे माहीत होतं! "होतं," तीच म्हणाली. "पत्रात यायचं ना. आज तीस माणसं जेवली, झाडाला बदाम लागले, मुलांनी पाडले, असं. माझ्या नानीच्या शेजारची होती ती, दोघींची लहानपणची दोस्ती. नानीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, मी असेन नऊ-दहा वर्षांची. रुकैया तिचं नाव. पत्राखाली लिहायची, तुझी रुकैया."

मी खोकं खाली काढलं आणि कोऱ्या कार्डावर नाव लिहिलं. चाचीला म्हटलं, चाचांना या नावाने फातिहा द्यायची होती. ती म्हणाली, "परवा त्यांचा चाळिसावा आहे. दोघांच्या नावाने देते मी."

मी फोन ठेवणार होते. "सात महिने होते घरात," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून एवढे सलग कधीच नव्हते. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर बसून जेवायचे. साऱ्या खाडीला विचारून आले. मला का नाही विचारलं गं त्यांनी?"

त्या सात महिन्यांत किती वेळा फोनवर बोलले असेन मी त्यांच्याशी, आणि दर वेळी नवीन कोणाचं तरी नाव सुचवलं होतं, याला विचारा, त्याला विचारा. चाचीला विचारा, असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नव्हतं.