ताईंचं मशीन बंद केलं ती दुपार

घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. सहा मशीन आणि आतल्या खोलीत एक सर्व्हर. पेशंटचे सगळे रिपोर्ट त्या सर्व्हरवर असतात. प्रोग्राम जुना आहे, एकाने रिपोर्ट उघडला की तो बंद करेपर्यंत दुसऱ्याला उघडता येत नाही.

त्या दुपारी डॉक्टर मॅडमनी मला काउंटरवर बोलावलं. एका बाईंचं संध्याकाळी ऑपरेशन होतं. त्यांचा नवरा प्लेटलेट्सचा रिपोर्ट न्यायला आला होता आणि रिपोर्ट उघडत नव्हता, कारण तो आमच्या टेक्निशियन ताईंच्या मशीनवर उघडा होता. ताई माहुलच्या, लॅबमध्ये माझ्या कितीतरी आधीपासून. त्या जागेवर नव्हत्या. स्क्रीन लॉक झालेली, आणि पासवर्ड कुणाला सांगायचा नाही हा नियम मीच केलेला.

मी फोन लावला. त्यांच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी थरथरलं.

"कुणी हात लावला नाही तर सर्व्हर आपोआप कनेक्शन तोडतो म्हणाला होतास ना तू?" मॅडम म्हणाल्या.

"फाइल उघडी नसेल तरच, मॅडम. उघडी असली की तो तोडत नाही. मधूनमधून मशीनला विचारतो, आहेस का? मशीन हो म्हणतं. खुर्चीत माणूस आहे की नाही, ते त्याला कुठे कळतंय?"

"मग मशीनच बंद कर."

तिथे मी थांबायला हवं होतं. सर्व्हरवरून तेवढं एक कनेक्शन तोडता आलं असतं, आणि ताईंनी लिहिलेलं त्यांच्या स्क्रीनवर तरी राहिलं असतं. पण तो नवरा माझ्याकडे बघत होता. मी बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली.

रिपोर्ट तरीही उघडेना.

नीट बंद केलं असतं तर मशीनने जाताना सर्व्हरला कळवलं असतं. असं एकदम बंद पडल्यावर सर्व्हरच्या लेखी ते अजून तिथेच होतं, फक्त गप्प. आणि गप्प मशीनला पुन्हा विचारण्याआधी आमचा सर्व्हर दोन तास थांबायचा. ती वेळ मी कधी बदललीच नव्हती. आत जाऊन सर्व्हरवरच्या कनेक्शनच्या यादीत ताईंची ओळ शोधली, भलतीच ओळ तर नाही ना म्हणून तीनदा वाचली, आणि कनेक्शन हाताने तोडलं.

रिपोर्ट उघडला. प्लेटलेट्सची जागा रिकामी होती.

मॅडमनी ताईंनी केलेली त्या बाईंच्या रक्ताची स्लाइड शोधली आणि स्वतः मोजायला बसल्या. चाळीस मिनिटं मी काउंटर आणि त्यांच्या खोलीमध्ये येरझाऱ्या घालत होतो. नवऱ्याने एकदाच विचारलं, "काही वाईट निघालं का?" "नाही हो, आमच्याकडूनच उशीर झालाय," मी म्हणालो. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या. आदल्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांचा भाऊ बाइकवर न्यायला आला होता, आई पायरीवरून पडली म्हणून. त्या तशाच निघाल्या होत्या.

"आई कशी आहे?"

"मनगट मोडलंय. प्लास्टर घातलं." मग म्हणाल्या, "माझं मोजून झालं होतं रे. आकडाही टाकला होता. सेव्ह तेवढं राहिलं."

"ताई, मशीन मी बंद केलं. चूक माझी."

त्यांनी मान हलवली. "त्या बाईंचं ऑपरेशन झालं का?"

मला माहीत नव्हतं. मॅडमनी हॉस्पिटलला फोन करून विचारलं. रात्री झालं होतं, थोडं उशिरा.

त्याच दिवशी मी सर्व्हरची ती वेळ दोन तासांवरून दोन मिनिटांवर आणली. मग स्वतःच्या मशीनवर एक खोटा रिपोर्ट उघडला, वायर उपटली आणि घड्याळ घेऊन बसलो. तिसऱ्या मिनिटाला यादीतून माझी ओळ गेली. विश्वास बसेना, म्हणून पुन्हा करून पाहिलं. त्या आठवड्यात मी ती वायर रोज उपटत होतो.