सीमांतपूजनाला दोघांचा वाद्यवृंद

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बढाया मारायची सवय अजिबात नव्हती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, दोनाला सव्वादोन म्हणायचा नाही. पण वन्संच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, लग्नाच्या बैठकीत त्यांच्या अंगात काय आलं कोण जाणे! नागपूरच्या विहीणबाईंनी सहज विचारलं, सीमांतपूजनाला गाणंबजावणं काही असतं का तुमच्याकडे? तर मामंजी म्हणून बसले, "असतं तर! आमच्या माधव नगरचा पाच जणांचा वाद्यवृंद आहे. सून गिटार वाजवते, धाकटा मुलगा ड्रम वाजवतो." विहीणबाईंचा चेहरा खुलला. "ते मात्र हवं हं," म्हणाल्या. झालं, शब्द गेला.

खोटं नव्हतं ते. पेटी, क्लॅरिओनेट, व्हायोलिन, माझी हवाईयन गिटार आणि भाऊजींचे ड्रम असे आम्ही गणपतीत वाजवायचो. माझी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी सळी फिरवत वाजवायची. भाऊजींचा एक छोटा ड्रम आणि एक मोठा ढोल, दोन्ही संस्थानाच्या मोडीत निघालेल्या बँडमधले. हे, म्हणजे आमचे यजमान, वाद्यवृंदात नव्हते. त्यांना आरतीला टाळीसुद्धा ठेक्यात वाजवता येत नाही.

मग छप्पन साली नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि आमचे पेटी, क्लॅरिओनेट, व्हायोलिन तिघेही सरकारी नोकर असल्यामुळे कचेरीच्या कपाटं-टेबलांच्या मागोमाग भोपाळला गेले. रजा मागितली तर नव्या साहेबांनी उडवून लावलं. लग्न तोंडावर आलेलं आणि वाद्यवृंदात उरलो आम्ही दोघं, दीर आणि भावजय.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण वन्संचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. कारण काय, तर पंगतीत मुलाच्या मामाला जिलबीचा आग्रह कमी झाला! मामा रुसले ते रुसलेच, आणि त्यांच्यापायी अख्खं घर रुसलं. तेव्हापासून वन्सं कुणासमोर यायच्या नाहीत. दोन वर्षांनी हे नागपूरचं जमलेलं. आता पाच सांगून दोघंच बसवले आणि विहीणबाईंना फसवणूक वाटली तर? मामंजी रात्रंदिवस याच विचारात. शेवटी मला म्हणाले, "सूनबाई, माणसं दोनच असोत, पण आवाज भरलेला पाहिजे. एवढं सांभाळ." त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला रडूच आलं.

आम्ही तालमीला बसलो. पहिल्यांदा जे केलं ते शुद्ध गाढवपण. तिघांची जागा भरायची म्हणून मी पेटीचे सूर पण माझ्याच तारांवर घ्यायला गेले आणि भाऊजी दोन्ही हातांनी धडाधड सुटले. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अरे, भांडी पडली का रे कुणाची?" भाऊजी घामाघूम. "वहिनी, तुम्ही पळता म्हणून मी पळतो." म्हटलं, "वा! आणि मी कुणापायी पळतेय?"

दोन दिवस असंच भांडण. मग एका दुपारी सासूबाईंनी वऱ्हाडासाठी घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकल्या होत्या. चहा घ्यायचा म्हणून मी गिटार उघड्या लाकडी तखतावर ठेवली आणि चुकून खर्जाच्या तारेला बोट लागलं. अगं बाई! अख्खा तखत घुमला. भाऊजींनी कप खाली ठेवला. "वहिनी, परत." परत छेडली. इतके दिवस माझी मांडी आणि लुगड्याच्या घड्याच आवाज खात होत्या की! मग सगळंच बदललं. गिटार लाकडावर ठेवायची आणि खालच्या दोन तारा तंबोऱ्यासारख्या मोकळ्या घुमू द्यायच्या. भाऊजींनी ढोलाचं कातडं सैल करत करत माझ्या षड्जाला आणलं, काठीला फडकं गुंडाळलं आणि मुख्य म्हणजे हात आवरला. सूर घुमतोय तोवर थांबायचं, विरायला लागला की एकच थाप द्यायची. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "हं, आता बरं आहे," म्हणाल्या. सासूबाईंचं "बरं आहे" म्हणजे आमच्या घरी सुवर्णपदक.

सीमांतपूजन गावातल्याच फ्रीगंज भागातल्या धर्मशाळेत होतं. वऱ्हाड स्टेशनावरून आलं ते अगदीच थोडकं, पण आमच्यात विचारायची हिंमत कुणाची? उलट मामंजींनी मानपानात कसर नको म्हणून माधव नगरातल्या घराघरांतून गाद्या गोळा केल्या होत्या. पाय ठेवाल तिथे गादी, टेकाल तिथे लोड. आणि आमच्या मंचावर, कलाकार ना आम्ही, एकावर एक दोन गाद्या, वर पांढरीशुभ्र चादर आणि मागे पडदा! मी ते पाहिलं आणि भाऊजींना डोळ्यांनीच गाद्या दाखवल्या. पूजा चालू होती, बोलायचं कुणाशी?

पाय धुतले, ओवाळलं, आहेर झाले आणि आमची पाळी आली. पहिला सूर लावला. कापसानं गिळला. भाऊजींनी थाप दिली, तीही गिळली. पहिल्या रांगेतल्या विहीणबाई पुढे वाकून बघायला लागल्या. शेजारी मामंजी नुसते हात चोळत होते. मी वाजवायची थांबले. म्हटलं, आता लाजून बसलं तर बस, हो गया काम. उठून उभी राहिले. "भाऊजी, उचला."

व्याह्यांच्या देखत सून मंचावरची गादी ओढतेय! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पण आता ओढलेली गादी ठेवायची कुठे? मला काय सुचलं देव जाणे, सरळ विहीणबाईंसमोर गेले. म्हटलं, "फरशी फार गार आहे हो, तुम्ही ही पण घ्या." त्या उठल्या, आम्ही गादी अंथरली. दुसरी व्याह्यांना. दोघं सगळ्यांपेक्षा वीतभर उंच बसले, आणि मान असा झाला की विचारू नका.

मग उघड्या फळ्यांवर गिटार ठेवली, ढोल पण फळीवर. भूपाची एक संथ धून सुरू केली. खर्ज खालून घुमत वर आला, त्यावर भाऊजींची एक थाप, मग शांतता, मग माझी सळी हळूच वर गेली. भाऊजींनी एक ठोका जास्त मारला नाही. माझा सूरही जरासुद्धा ढळला नाही.

धून संपली. विहीणबाई म्हणाल्या, "बाकीचे तिघे पडद्यामागे का बसलेत? बोलवा की बाहेर." मग त्या उठल्या, मंचामागे गेल्या आणि त्यांनी स्वतः पडदा सारला. मागे पत्रावळींचा ढीग आणि पाण्याचे हंडे.

मामंजी हात जोडून उभे राहिले. "विहीणबाई, पाच म्हणालो होतो. तिघांची भोपाळला बदली झाली. आधीच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही."

विहीणबाई एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, मग आमचं काय! गाडीचा डबा भरून वऱ्हाड आणतो म्हणालो आणि आलो कसे? आमच्या नागपूरची राजधानी गेली, निम्मे नातेवाईक तुमच्या त्या भोपाळला, निम्मे मुंबईला. मुलीकडचे म्हणतील यांना कुणी विचारत नाही. गाडीत यांच्या घशाखाली पाणी उतरलं नाही हो!" व्याही दोन गाद्यांवर बसल्या बसल्या मान डोलावत होते. मामंजी खालीच बसले. डोळे पुसत होते की हसत होते, मला कळलं नाही. "आणखी एक वाजवा," विहीणबाई म्हणाल्या.

पण मी आधी आत पळाले. वधूच्या खोलीत वन्सं दाराला कान लावून उभ्या. चेहरा पांढराफटक. "त्या उठल्या ना? मी ऐकलं. का उठल्या? रुसल्या ना?"

"हसताहेत," म्हटलं. "तुमच्या सासूबाई हसताहेत. आणखी एक वाजवा म्हणताहेत."

वन्संनी माझा हात घट्ट धरला, कितीतरी वेळ सोडेचनात. मग म्हणाल्या, "वहिनी, काहीतरी खायला दे गं. कालपासून काही उतरलंच नाही."

मी ताटात शिरा आणला आणि घास करून भरवायला लागले. त्या खात होत्या, रडत होत्या आणि आणखी मागत होत्या. बाहेर भाऊजी माझी वाट बघत एकटेच हळूहळू ढोल वाजवत होते. म्हटलं, वाजवू देत. आधी हिचं पोट भरू दे.