डब्यातला उजेड

सहदेव भिवपुरीच्या पॉवरहाउसातून रिटायर झाला आणि छोट्या आगगाड्यांच्या नादी लागला. "खेळणी नाय म्हणायचं, मॉडेल हाय ते," असं तो आल्यागेल्याला दरडावून सांगायचा. यंदा त्याने डब्यांत दिवे घालायला घेतले. छताला आतून एलईडीची पट्टी चिकटवली, रुळातली वीज वर यावी म्हणून चाकांना तांब्याच्या पत्र्याचे तुकडे टेकवले. उजेड दवाखान्यासारखा पांढराफटक पडला, तेव्हा सगळं उचकटून पिवळ्या पट्ट्या आणल्या.

त्याची बायको सुंदरा मागच्या पडवीत बसून गावातल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची. तिथे एक दिवा हवा, असं ती दिवाळीपासून सांगत होती. होळी आली तरी सहदेवचं "बघतो गं उद्या" काही संपलं नव्हतं.

दिवेलागणीला गाडी एकदाची उजळली. त्याने कौतुकाने हाक मारली. सुंदरा सुईदोरा हातात घेऊनच आली. गाडीचा एक अख्खा फेरा तिने नीट पाहिला.

"झ्याक दिसतंय," ती मनापासून म्हणाली. मग टेबलाशी वाकली. "वाईच थांबवा बरं गाडी."

त्याने थांबवली. उजळलेल्या खिडकीसमोर सुई धरून सुंदराने नेढ्यात दोरा ओवला.

"झालं. चालवा आता."

ती अंधाऱ्या पडवीत परत गेली. सहदेवचा हात बटणावरच राहिला. तिने टोमणा मारला असता, तर त्याला गाडी चालवता आली असती.