पांढऱ्या पट्ट्याचं पिंप

माझा थोरला भाऊ आगीला फार भ्यायचा. विडी ओढणारा कुणी शेजारी येऊन बसला तर तो बोलता बोलता सरकत जायचा आणि शेवटी काहीतरी निमित्त काढून उठायचा. आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. तो पहिल्यांदा आखातात निघाला तेव्हा त्याच्या लाँचच्या इंजिनाने पेट घेतला होता आणि एक खलाशी त्याच्या डोळ्यांदेखत भाजला होता. त्याबद्दल तो कधी धड बोलला नाही. मी एकदा फार खोदून विचारलं तर म्हणाला, आधी जेवून घे.

मी त्याच्या मागोमाग शारजाला गेलो, साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी. तेव्हा अमिरात नावाचा देश नव्हता. शारजा वेगळं, दुबई वेगळं, आणि उम्म अल कुवैन आम्हाला फक्त सुक्या मासळीपुरतं ठाऊक. इंजिनं आणि जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये भाऊ स्टोअरकीपर होता. मी मॅट्रिक झालेला, म्हणून ऑफिसात टाइपरायटरवर. मॅट्रिकचा मला तेव्हा बराच माज होता. नाकावर माशी बसू द्यायचो नाही. भाऊ जेमतेम चौथी शिकलेला, पण त्याच्या स्टोअरमध्ये गेलं की माझी टकळी आपोआप बंद व्हायची, कारण तिथे त्याचं राज्य होतं.

पिंपांवर इंग्रजी कागद चिकटवलेले यायचे. उन्हाने आणि दमट हवेने ते महिनाभरात सोलून निघायचे, आणि राहिले तरी वाचणार कोण? कामगार बलुची, पठाण, मलबारी आणि आमच्यासारखे कोकणी. तेव्हा भावाने आपली पद्धत काढली. जे पेटतं त्याला लाल पट्टा. जे कातडी जाळतं त्याला पिवळा. ज्याचं भय नाही त्याला पांढरा. नवीन पिंप आलं की तो आधी झाकणात चमचाभर काढायचा, मोकळ्यावर नेऊन लांब काडीने काडेपेटीची ज्योत लावायचा आणि तोंड फिरवून उभा राहायचा. पेटलं नाही तर मग एक थेंब मनगटावर. झोंबलं नाही की पांढरा पट्टा. या सगळ्या सोहळ्याला आम्ही हसायचो. पण त्याच्या स्टोअरला कधी आग लागली नाही आणि कुणाचा हात भाजला नाही, हे आम्ही हसता हसता मानायचो.

इंजिनाचे भाग धुवायला एक पातळ, पाण्यासारखं स्वच्छ द्रावण यायचं. साहेब लोक त्याला कार्बन टेट म्हणत, आमचे लोक थंडं पेट्रोल म्हणत. ग्रीस एका फटक्यात निघायचं. वास गोडसर, नाकाला बरा वाटणारा. काडी लावली तर पेटायचं तर नाहीच, उलट काडीच विझायची. भिंतीवर आग विझवायचा पितळी पंप होता, त्यातसुद्धा हेच भरलेलं असतं असं कळलं तेव्हा भावाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरलेलो नाही. जे आग विझवतं ते माणसाला काय करणार? त्याने त्या पिंपाला पांढरा पट्टा जरा रुंदच ओढला. लाल पिंपं लांब, कुंपणापाशी उन्हात. हे पिंप मात्र आत, त्याच्या खाटेच्या बाजूला सावलीत.

तिथे गोडं पाणी म्हणजे सोनं. गाढवावर पत्र्याचे डबे लादून पाणीवाला यायचा आणि ते पाणी पिण्यापुरतं. धुवायला विहिरीचं, ते खारं, त्यात साबण फेसाळायचा नाही. कपड्यांवरचे ग्रीसचे डाग त्याने निघायचे नाहीत, पसरायचे. जुम्म्याच्या नमाजाला जायचं तर अंगात डागाळलेला कुर्ता, याची आमच्या लोकांना फार लाज वाटायची. गावाकडे माणूस गरीब असला तरी जुम्म्याला पांढराच दिसतो. मग भावाने त्या थंड्या पेट्रोलात कपडे बुडवायला सुरुवात केली. पिळायची गरज नाही, वाळायला वेळ नाही, आणि पाण्याचा एक थेंब खर्च नाही. आधी स्वतःचे, मग आम्हा खोलीतल्यांचे. दर गुरुवारी अंगणात घमेलं मांडून तो बसायचा, आणि मोकळ्या हवेत होतं तोवर कुणाला काही झालं नाही.

त्या वर्षी रमजान थंडीत आला. ईद दोन दिवसांवर असताना शमाल सुटला. उत्तरेकडचा तो वारा ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल. दार किलकिलं केलं तरी दातांत वाळू येते. ओले कपडे बाहेर काढले की त्यांवर वाळूचा थर. सगळ्यांचे ईदचे कपडे गाठोड्यांनी स्टोअरमध्ये येऊन पडलेले, आमच्या खोलीचे, बाजूच्या खोलीचे, बलुची लोकांचेसुद्धा. भावाने कुणाला नाही म्हटलं नाही. त्याने स्टोअरचं दार लावून घेतलं, फटींत गोणपाट कोंबलं आणि रोजा असताना दिवसभर त्या बंद खोलीत घमेल्यावर ओणवा बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच.

पहिल्या दिवशी इफ्तारला आला तेव्हाच त्याचं डोकं ठणकत होतं. खजूर तोंडात घातला आणि उठून बाहेर जाऊन ओकला. सगळे म्हणाले, रोजा लागलाय. दिवसभर पोटात पाणी नाही, वरून काम, दुसरं काय होणार. दुसऱ्या दिवशी रोजा सोड असं मी त्याला म्हटलं. तो रागावला. शेवटचा रोजा कुणी सोडतं का, असं म्हणून त्याने मलाच चार शब्द ऐकवले. आमच्या लोकांत रमजानात माणसाला काहीही झालं की दोष रोज्याला जातो, आणि रोज्याला दोष दिला की पुढे कुणी विचार करत नाही.

ईदच्या सकाळी वारा पडला होता. शारजात आता रोल्ला म्हणतात तिथे तेव्हा बाजार नव्हता, एक प्रचंड झाड होतं, वडासारखं, आणि ईदला त्याच्या फांद्यांना झोपाळे बांधत. आम्ही नमाज करून तिकडे गेलो. आमच्या लोकांइतके पांढरे कपडे त्या मैदानात कुणाचे नव्हते. लोक भावाला मिठ्या मारत होते, आणि तो झाडाच्या मुळाशी बसून हसत होता. शीरखुर्म्याची वाटी त्याने हातात घेतली आणि तशीच माझ्याकडे दिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ आमच्याकडे कुणाला नवी नाही. ज्याने त्याने आपापलं औषध सांगितलं. मग त्याची लघवी कमी होत गेली आणि पाय सुजले, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर्कशॉपच्या लँडरोव्हरमध्ये घालून, वाळूतले खड्डे चुकवत, मी त्याला दुबईच्या इस्पितळात नेलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत तो एकदाच बोलला, की स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

डॉक्टर मलबारी होता, भला माणूस. त्याने बाहेरचं काय खाल्लं ते विचारलं, पाणी कुठलं पितोस ते विचारलं आणि मग विचारलं, काम पर कोई खराब चीज? केमिकल वगैरा?

भाऊ उशीवर जरा उंच झाला. हा त्याचा विषय होता. एकेक नाव घेऊन त्याने सगळं सांगितलं, पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिड, कॉस्टिक, कुठे ठेवतो, कसं हाताळतो.

“डॉक्टरसाब, सब पर पट्टा मारा है,” तो म्हणाला. “लाल के पास माचिस नहीं. पीले को ग्लोव्ह के बिना हाथ नहीं.”

“और कुछ?”

“और कुछ नहीं. बाकी सब सफेद.”

मी शेजारी उभा होतो आणि मान हलवत होतो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटत होता. चौथी शिकलेला माणूस डॉक्टरला किती नीट सांगतोय, असं माझ्या मनात आलं. डॉक्टरने कावीळच धरली आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. भाऊ मुकाट्याने पाणी पीत राहिला आणि ते पाणी त्याच्या अंगातच साठत राहिलं. आठवड्याच्या आत तो गेला. शुद्ध होती तोवर त्याला आपण बरे होणार याची खात्री होती, कारण तो जळला नव्हता.

शारजाच्या कब्रस्तानात त्याला ठेवलं. मातीला आलेल्या प्रत्येकाच्या अंगावर त्याने साफ केलेले कपडे होते, कारण दुसरे चांगले कपडे कुणाकडे नव्हतेच.

वर्कशॉपचा गोरा साहेब त्या काळात अबुधाबीच्या साइटवर होता. परत आल्यावर तो मला भेटायला स्टोअरमध्ये आला. घमेलं तसंच पडलेलं होतं, दाराच्या फटीत गोणपाट तसंच. त्याने वास घेतला, पिंप हलवून पाहिलं आणि विचारलं, हे इथे आत कुणी वापरलं? मी सांगितलं. तो खोक्यावर बसला. मग त्याने सांगितलं की हे पेटत नाही, कातडीला लगेच चावत नाही, पण त्याची वाफ श्वासातून आत जाते आणि यकृत आणि मूत्रपिंडं खाते. बंद खोलीत तर फारच, आणि उपाशी माणसाला जास्त. मी विचारलं, डॉक्टरला सांगितलं असतं तर? तो म्हणाला, ठाऊक नाही, याच्यावर उतारा असा काही नाही.

तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला. त्याला ठाऊक होतं आणि आम्हाला नव्हतं, याचा. मी मागून न उघडलेलं एक पिंप ओढून आणलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की हे पेटत नाही. हवेशीर जागी वापरा, हे खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. मी मॅट्रिक. मी त्या पिंपांच्या पावत्या वर्षानुवर्षं टाइप केल्या होत्या. मी रडलो तो मातीच्या दिवशी नाही, त्या दिवशी.

पुढे माझं सगळं आयुष्य याच कामात गेलं, कारखान्यांतल्या सुरक्षेच्या. पदार्थ पेटतो का, स्फोट होतो का, हे एका बाजूला. फुप्फुसाला काय करतो, यकृताला काय करतो, आज काय आणि वीस वर्षांनी काय, हे दुसऱ्या बाजूला. हल्ली पिंपांवर चित्रं असतात. ज्वाळा असते, कवटी असते, आणि छातीत काहीतरी फुटल्यासारखं दाखवलेला एक माणूस असतो. त्या माणसाकडे मी नवीन पोरांना बोट दाखवून सांगायचो, आधी हा बघा, मग ज्वाळा. ते यस सर म्हणायचे आणि ज्वाळाच बघायचे. माणसाला दिसतं त्याचंच भय वाटतं, त्याला मी तरी काय करणार.

भावाची पेटी घेऊन मी गावी गेलो तेव्हा भाभी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर पाळायच्या पडद्यात होती. ती दाराआड बसली, मी ओटीवर. वाटभर मी शब्द जुळवत आलो होतो. तिला सगळं खरं सांगायचं मी ठरवलं होतं, कारण काविळीने गेला म्हटलं असतं तर तिने जन्मभर विचारलं असतं की काविळीचं गावठी मुळीचं औषध का दिलं नाहीत. पण माझ्या आधी शारजाहून दुसरी माणसं गावात येऊन गेली होती.

“सगळ्यांचे ईदचे कपडे त्यांनी साफ केले म्हणे,” ती आतून म्हणाली. “रोजा ठेवून, दोन दिवस बसून. लोक सांगून गेले.”

मी हो म्हटलं.

“शेवटचं काम सवाबाचं, पुण्याचं झालं त्यांच्या हातून. अल्लाने तेवढं तरी केलं.”

तिचा आवाज स्थिर होता. त्या एका गोष्टीला धरून ती बसली होती आणि ती तिच्या हातून माझ्याने सोडवेना. मी काविळीवर गोष्ट संपवली.

भाभी गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पुतणी आपल्या नातवंडांना घेऊन ईदला माझ्याकडे येते. बापाचा चेहरा तिला आठवत नाही. आईने सांगितलेली ती एकच गोष्ट तिच्याजवळ आहे, आणि ती दर ईदला पोरांना समोर बसवून मला साक्षीला घेते.

“चाचा, अब्बांनी एकट्याने सगळ्यांचे कपडे केले होते ना?”

“सगळ्यांचे,” मी म्हणतो. “माझा कुर्तासुद्धा.”